नोकरी सांभाळून मधमाशीपालन: आवडीचा व्यवसाय उभा करू इच्छिणाऱ्यांसाठी क्रमवार माहिती

मधमाशांची आवड असलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोणी लहानपणी गावाकडे झाडाच्या ढोलीतले पोळे पाहिलेले असते, तर कोणाच्या शेतात डाळिंबाचा बहार नीट धरत नाही म्हणून कोणीतरी पेट्या ठेवायला सांगितलेले असते. काहींना नोकरीच्या चाकोरीबाहेर स्वतःच्या हाताने करता येईल असे काम हवे असते. ही सगळी मंडळी भेटली की पहिला प्रश्न पेटी कुठे मिळते हा नसतो. "करावेसे खूप वाटते, पण सुरुवात होत नाही आणि झाली तरी उमेद टिकत नाही, त्याचे काय करायचे?" असे ती विचारतात. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात नोकरी सांभाळून पेट्या ठेवल्यानंतर आणि माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या काही जणांनी काम सोडलेले, काहींनी वाढवलेले पाहिल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे. उमेद ही कामाच्या आधी गोळा करून ठेवण्याची वस्तू नाही. ठरलेल्या दिवशी आपली वाट पाहणारे काम असेल आणि त्या कामाचा एखादा गिऱ्हाईक असेल, तर ती त्यातूनच येत राहते. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये मधमाशीपालनाच्या माहितीबरोबरच कामाची बांधणी कशी करावी हेही सांगितले आहे.

१. पैसे घालण्याआधी आवडीची परीक्षा घ्या

चित्रफिती पाहून वाटणारी आवड आणि भर उन्हात जाळीचा टोप घालून पेटीवर वाकल्यावर उरणारी आवड यांत फरक असतो, आणि तो फरक स्वतःच्या पैशाने शोधण्याची गरज नाही. जवळपासच्या एखाद्या अनुभवी मधपाळाकडे सुट्टीच्या दिवशी मदतीला जा. पेट्या उचला, चौकटी (पेटीतल्या, पोळे धरून ठेवणाऱ्या लाकडी फ्रेमा) पुसा, माशांना खाऊ घालायच्या साखरेच्या पाकाची भांडी धुवा, आणि हे एका भेटीवर न थांबवता निदान एक पूर्ण हंगाम करा. मध काढण्याचा दिवस कोणालाही आवडतो. ज्या दिवशी फक्त साफसफाई असते त्या दिवशीही जावेसे वाटते का, ते पाहा.

या काळात डंख होणारच. साधा डंख असेल तर ती जागा सुजते, खाजते आणि एक-दोन दिवसांत बरी होते. काटा नखाने किंवा पेटीच्या पात्याने बाजूला खरवडून लगेच काढावा. मात्र डंखानंतर अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले तर ती गंभीर अ‍ॅलर्जी असते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता तातडीने रुग्णालय गाठावे, आणि पुढे हा व्यवसाय करायचा की नाही हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. घरातल्या कोणाला अशी अ‍ॅलर्जी असेल तर पेट्या घराजवळ ठेवू नयेत.

घरच्यांशी बोलणेही याच टप्प्यावर व्हावे. रविवारची सकाळ जाणार आहे, स्वयंपाकघरात पाकाचे पातेले येणार आहे आणि पहिल्या वर्षी हाती फारसे काही लागणार नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगितले तर नंतरची कुरबुर टळते.

२. आपल्या परिसराचे फुलोऱ्याचे वेळापत्रक तयार करा

नवख्या माणसाच्या हातून सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी पायरी हीच आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचीही हीच. मध पेटीतून येत नाही, फुलांतून येतो. पेटीत पाळली जाणारी देशी सातेरी माशी साधारण एक ते दीड किलोमीटरच्या परिसरात चरते आणि युरोपीय मेलिफेरा माशी त्याहून थोडी दूर जाते. म्हणजे जिथे पेटी ठेवणार त्या जागेभोवतीच्या एवढ्या टापूत बारा महिने कोणत्या झाडाला, कोणत्या पिकाला, कधी फूल येते, हे माहीत नसेल तर बाकीचे सर्व ज्ञान निरुपयोगी ठरते.

एक वही घ्या आणि महिन्याला एक पान द्या. सुट्टीच्या दिवशी परिसरात फिरून कशाला कळी आहे, कशाला फूल आहे आणि त्यावर माशा बसत आहेत का, एवढेच लिहा. माशी फुलावर बसते तेव्हा तिच्या मागच्या पायांकडे पाहा. तिथे पिवळ्या, नारिंगी किंवा करड्या गोळ्या दिसल्या तर ती पराग नेत आहे. पराग हे पिल्लांचे अन्न आहे आणि मकरंदापासून मध होतो. काही वनस्पती एकच देतात, काही दोन्ही देतात. शेवगा, आंबा, मोहरी, धने, तीळ, सूर्यफूल, कांद्याचे बियाण्याचे गोंडे यांच्या नोंदी ठेवा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जांभूळ, हिरडा आणि गेळा यांचा फुलोरा महत्त्वाचा असतो. मार्च-एप्रिलच्या सुमारास जांभूळ फुलले की मिळणारा मध गडद रंगाचा आणि किंचित कडवट चवीचा असतो. कारवी काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलते आणि त्या वर्षीचा मध वेगळा म्हणून विकला जातो, त्यामुळे आपल्या भागात ती शेवटची कधी फुलली होती हे गावातल्या जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवा.

ही वही भरताना दोन गोष्टी साधतात. पेटी कुठे आणि कोणत्या महिन्यात ठेवायची याचे उत्तर मिळते, आणि कोणत्या महिन्यांत फुले नाहीत हेही कळते. हे रिकामे महिने आधीच माहीत असतील तर ते आल्यावर माणूस खचत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर आसपासच्या शेतकऱ्यांची नावे आणि त्यांच्या पिकांवरील फवारणीचा काळ लिहावा. फुलोऱ्यातील पिकावर भर दुपारी झालेली एक फवारणी अख्खी वसाहत, म्हणजे पेटीतले राणीसह माशांचे सगळे कुटुंब, संपवू शकते. फवारणी शक्यतो माशा परतल्यानंतर संध्याकाळी करावी आणि आदल्या दिवशी कळवावे, एवढी विनंती आधी ओळख असेल तर बहुतेक शेतकरी मान्य करतात.

३. माशीची जात निवडा

आपल्याकडे चार जाती प्रामुख्याने आढळतात. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात व पेटीत राहत नाहीत. पेटीत पाळल्या जातात त्या सातेरी आणि मेलिफेरा. सातेरी ही आपली देशी माशी आहे. ती अंधाऱ्या जागी समांतर पोळी बांधते, घाटमाथ्याच्या हवामानाला सरावलेली असते आणि तिला कमी खर्च लागतो, पण तिचे मधाचे उत्पादन कमी असते आणि त्रास झाला किंवा अन्न संपले की ती पेटी सोडून निघून जाते. मेलिफेरा ही युरोपीय माशी आहे. ती भरपूर मध देते, परंतु तिला मोठा फुलोरा लागतो आणि तो मिळावा म्हणून पेट्या वाहनातून एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न्याव्या लागतात. नोकरी करणाऱ्या माणसाला हे स्थलांतर जमत नाही. म्हणून डोंगराळ किंवा मिश्र झाडी असलेल्या भागात राहणाऱ्याने सातेरीपासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

४. प्रशिक्षण घ्या

पुण्यात खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करत आहे. महाबळेश्वर येथे महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे आणि त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये "मधाचे गाव" म्हणून पुढे आले. शक्य असेल तर तिथे एक दिवस जाऊन या, कारण पुस्तकातली वसाहत आणि गावाने मिळून सांभाळलेल्या वसाहती यांतला फरक तिथे डोळ्यांनी दिसतो.

मंडळाच्या मध केंद्र योजनेत वैयक्तिक मधपाळ आणि केंद्रचालक असे दोन प्रकार आहेत. वैयक्तिक मधपाळासाठी साक्षर असणे आणि वय १८ वर्षांपेक्षा जास्त असणे पुरते, व प्रशिक्षण १० दिवसांचे असते. केंद्रचालकासाठी दहावी उत्तीर्ण, वय २१ वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन अशा अटी असून प्रशिक्षण २० दिवसांचे असते. साहित्याच्या रूपात ५० टक्के अनुदान आणि ५० टक्के स्वतःची गुंतवणूक अशी या योजनेची रचना आहे. अर्जांची जाहिरात जिल्ह्यानुसार निघते, म्हणून जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः जाऊन चालू वर्षाच्या अटी विचाराव्यात. नोकरदारांनी प्रशिक्षणाच्या तारखा कळताच रजेचा अर्ज टाकावा. पुढच्या तुकडीला जाऊ, असे म्हणणाऱ्यांची वर्षे तशीच निघून गेलेली मी पाहिली आहेत.

५. साहित्य जमवा

सुरुवातीला पुढील वस्तू पुरतात:

- सातेरीसाठी योग्य मापाच्या पेट्या (पिलाव्याचा म्हणजे अंडी-पिल्लांचा कप्पा, वरचा मधाचा कप्पा, आतले झाकण आणि छप्पर यांसह)
- पेटीसाठी लोखंडी स्टँड आणि त्याच्या पायांखाली पाणी भरून ठेवायच्या वाट्या (मुंग्यांसाठी)
- जाळीचा टोप, हातमोजे, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे
- धुराचे यंत्र, चौकटी सोडवण्याचे लोखंडी पाते, मऊ ब्रश
- राणी अडवण्याची जाळी
- मध काढण्याचे यंत्र (पहिल्या वर्षी दुसऱ्या मधपाळाकडून उसने घेतले तरी चालते)
- अन्न-दर्जाचे झाकणाचे डबे, गाळणी, काचेच्या बाटल्या
- नोंदवही

पेटी स्थानिक सुताराकडून स्वस्तात करून घेण्याचा मोह होतो. करून घ्यायला हरकत नाही, पण मापात सवलत नको. दोन पोळ्यांमधले अंतर माशांच्या सोयीचे असावे लागते. ते जास्त झाले तर माशा मध्येच आडवी पोळी बांधतात, कमी झाले तर वाट बुजवतात, आणि मग चौकट बाहेर काढताना पोळे फाटते. नमुना म्हणून प्रमाणित पेटी सुताराच्या हातात द्या.

६. वसाहत घ्या आणि ठरलेल्या वारी पेटी उघडा

पहिल्या वर्षी दोनपेक्षा कमी आणि पाचपेक्षा जास्त वसाहती घेऊ नयेत. एकच असेल तर ती अशक्त झाल्यावर तुलना करायला आणि मदतीला पिलाव्याची चौकट द्यायला दुसरी नसते, आणि दहा घेतल्या तर नोकरीतून वेळ पुरत नाही. वसाहत विकत घेताना विक्रेत्याला पेटी उघडायला सांगा. माशा किती पोळी झाकून बसल्या आहेत ते पाहा आणि अंडी दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

अंडी कशी पाहायची, हे समजून घ्यावे. ऊन चढू लागलेल्या सकाळी, वारा नसताना पेटीच्या बाजूला उभे राहा. दाराच्या समोर उभे राहू नका. दारातून धुराचे एक-दोन हलके झोत द्या आणि मिनिटभर थांबा. झाकण काढून कडेची चौकट आधी सोडवा, म्हणजे मधल्या चौकटी सरकवायला जागा होते. मधली चौकट सरळ वर उचला, सूर्याकडे पाठ करा आणि तुमच्या खांद्यावरून येणारे ऊन पोळ्याच्या घरांत पडेल अशी ती धरा. घराच्या तळाशी पांढऱ्या बारीक दोऱ्याच्या तुकड्यासारखे एकेक अंडे उभे दिसेल. अंडे तीन दिवसांत उबते, म्हणून अंडी दिसली म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. राणी डोळ्यांना दिसलीच पाहिजे असा हट्ट धरून पेटी अर्धा तास उघडी ठेवण्याची गरज उरत नाही. एकाच घरात दोन-तीन अंडी दिसली तर बहुधा राणी नसून कामकरी माशा अंडी घालत आहेत आणि ती वसाहत घेण्यासारखी नाही. सातेरीच्या पोळ्यात काही बंद घरे उंचवट्याची दिसतात आणि त्यांच्या टोपणाच्या मधोमध बारीक छिद्र असते. ती नरांची घरे असतात, तो रोग नव्हे. पोळ्याच्या खालच्या कडेला लांबट, खाली लोंबणारी घरे दिसू लागली तर नव्या राण्या तयार होत आहेत आणि वसाहत फुटण्याच्या, म्हणजे काही माशा जुन्या राणीबरोबर निघून जाण्याच्या, बेतात आहे. ती वेळेवर पाहिली तर विभाजन करून एका पेटीच्या दोन पेट्या करता येतात.

पेटीची जागा सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी असावी, दार पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे असावे, जवळ स्वच्छ पाणी असावे आणि माणसांची किंवा गुरांची वाट समोरून नसावी. गच्चीवर ठेवायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.

उमेदीचा प्रश्न प्रत्यक्षात इथेच सुटतो. "वेळ मिळेल तेव्हा पाहू" असे म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही. आठवड्याचा एक वार आणि एक वेळ ठरवा, ती घरात सर्वांना माहीत असू द्या आणि त्या दिवशी कंटाळा आला असेल तरी निदान दारावरची ये-जा पाहून वहीत दोन ओळी लिहा. तारीख, हवामान, माशांनी झाकलेली पोळी, अंडी, परागाचा रंग, आणि पुढच्या वेळी काय करायचे, एवढेच लिहायचे. शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. पुढच्या रविवारी तीन नंबरची पेटी पाहायची आहे, असे लिहिलेले असते तेव्हा माणूस उठतो. मधमाशीपालनात खूप काही करायचे आहे, एवढ्या मोघम विचाराने कोणी उठत नाही.

७. पावसाळ्याची तयारी करा

जून ते सप्टेंबर हा घाटमाथ्यावरच्या मधपाळाचा सर्वांत कठीण काळ असतो आणि बहुतेक जण याच काळात काम सोडतात. फुले कमी, पाऊस संततधार, माशा आत बसून, आणि मध नाहीच. या दिवसांत पेटी जगवणे हेच उत्पादन समजावे.

साखर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन केलेला पाक थंड करून संध्याकाळी पेटीच्या आत द्यावा. तो बाहेर सांडू देऊ नये, कारण सांडलेल्या पाकाच्या वासाने दुसऱ्या वसाहतींच्या माशा लुटायला येतात. माशांनी न झाकलेली रिकामी पोळी काढून घ्यावीत. मेणकिडा (ज्याच्या अळ्या पोळ्याचे मेण खातात) तिथेच अंडी घालतो आणि आठवड्याभरात पोळ्यात जाळी धरतो. तळफळी दर फेरीत साफ करावी. पेटीला दाराच्या बाजूने किंचित उतार द्यावा म्हणजे पाणी आत साचत नाही. मधाचा कप्पा उतरवून ठेवावा. पाक दिलेल्या काळात साठलेला ऐवज मध म्हणून कधीही विकू नये. तो माशांचा आहे, आणि गिऱ्हाइकाच्या विश्वासाशी खेळणे तर आणखी वाईट.

याच महिन्यांत आपले स्वतःचे मनही सांभाळावे लागते. त्यासाठी पावसाळ्यातील प्रत्येक आठवड्याला एक पूर्ण होणारे काम ठरवा. एका आठवड्यात चौकटींना तारा ओढा, दुसऱ्यात जुने मेण वितळवून गाळा, तिसऱ्यात लेबलाचा मजकूर लिहा, नंतर मागच्या हंगामाचा हिशेब मांडा. गिऱ्हाइकांची यादी करून येत्या हंगामासाठी नावे नोंदवून घ्या. आगाऊ पैसे घेऊ नका, फक्त नावे घ्या. "यंदाचा मध आला की मला कळवा" असे सांगणारी चार माणसे असली की पेटीकडे जाणारे पाय थांबत नाहीत. परिसरातल्या इतर मधपाळांना महिन्यातून एकदा भेटा, कारण घरातल्या माणसांना मेणकिड्याची चर्चा रोज ऐकवता येत नाही आणि एकट्याने मनात ठेवलेली अडचण असते त्यापेक्षा मोठी वाटू लागते.

८. मध काढा आणि विका

पोळ्यातील तीन चतुर्थांशाहून अधिक घरांवर मेणाचे टोपण आल्यावरच मध काढावा. टोपण न आलेल्या मधात पाणी जास्त असते आणि तो आंबतो. अन्न सुरक्षा मानकानुसार मधातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, आणि ते मोजण्याचे छोटे उपकरण पुढे घेण्यासारखे आहे. फक्त वरच्या कप्प्यातला मध घ्या आणि माशांसाठी पुरेसा मागे ठेवा. पोळे पिळून काढलेल्या मधात पिलाव्याचा रस आणि मेण मिसळते, म्हणून यंत्रानेच काढावा.

विक्री करताना काही समजुतींना सामोरे जावे लागेल. थंडीत मध साखरेसारखा घट्ट झाला की गिऱ्हाईक भेसळीचा आरोप करते. मोहरीचा किंवा सूर्यफुलाचा शुद्ध मध तर फार लवकर गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो, हे बाटलीबरोबर छोट्या चिठ्ठीत लिहून द्या. ग्लासभर पाण्यात थेंब टाकणे किंवा काडी पेटवून पाहणे या चाचण्यांनी शुद्धता सिद्ध होत नाही, म्हणून स्वतःच्या जाहिरातीतही त्या दाखवू नका. प्रयोगशाळेचा अहवाल घ्या आणि मागणाऱ्याला दाखवा. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, ही सूचना लेबलवर अवश्य छापा. घरातल्या वडीलधाऱ्यांना बाळाला मध चाटवायची सवय असते, म्हणून ती तोंडीही सांगा. लेबलवर रोग बरे करण्याचे दावे नकोत आणि प्रमाणपत्राशिवाय "सेंद्रिय" हा शब्दही नको.

९. कागदपत्रे आणि नोंदणी

हाताशी ठेवायची कागदपत्रे: आधार कार्ड, पॅन कार्ड, बँक पासबुकाची प्रत, छायाचित्रे, शिक्षणाचा दाखला, पेट्या ठेवण्याच्या जागेचा पुरावा (सातबारा, भाडेकरार किंवा जमीनमालकाचे संमतिपत्र), प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि जातीच्या प्रवर्गासाठी सवलत घ्यायची असल्यास जातीचा दाखला.

मध विकण्याआधी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी घ्या. लहान उत्पादकासाठी ही प्रक्रिया फॉसकॉस या संकेतस्थळावर सोपी आहे. चालू उलाढाल मर्यादा आणि शुल्क तिथेच पाहावे. मिळणारा १४ अंकी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. त्याशिवाय निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, वापराची मुदत, बॅच क्रमांक, सर्व करांसह किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती हवी.

मध गाळून बाटलीबंद विकण्याच्या उद्योगासाठी उद्यम नोंदणी करा. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. शोध घेतला की शासकीय वाटणारी आणि पैसे मागणारी खासगी संकेतस्थळे आधी दिसतात, तिथे फसू नका. राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवरही मधपाळ म्हणून नोंद करता येते. वस्तूंच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात वस्तू व सेवा कराची उलाढाल मर्यादा ४० लाख रुपये आहे, परंतु करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा झाल्यास नियम बदलतात, तेव्हा आधी कर सल्लागाराला विचारा. कर्ज लागलेच तर मुद्रा योजनेतील शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज मिळू शकते. पहिल्या वर्षी मात्र कर्ज घेऊ नये, हेच मी सांगेन.

सरकारी कर्मचाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील खासगी व्यापाराविषयीची तरतूद वाचून वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी. खासगी नोकरीत नियुक्तिपत्रातील अटी तपासाव्यात.

१०. नेहमीचे सापळे

"आमच्याकडून शंभर पेट्या घ्या, मध आम्हीच परत विकत घेऊ" अशा योजनांपासून दूर राहा. करार वाचल्यावर मधाच्या प्रतीबाबतच्या अटी अशा निघतात की खरेदीची जबाबदारी त्यांच्यावर उरत नाही. पेट्या मात्र आपल्या अंगणात उरतात.

पेटी दिवसा हलवू नका. संध्याकाळी सगळ्या माशा परतल्यावर दार जाळीने बंद करून हलवा. दोन-तीन फुटांपेक्षा जास्त सरकवायची असेल तर ती तीन किलोमीटरपेक्षा लांबच न्या, नाहीतर माशा जुन्या जागी परतून मरतात.

एका चांगल्या हंगामानंतर पेट्या एकदम दुप्पट-तिप्पट करण्याची घाई टाळा. फुलोरा तेवढाच असतो आणि आपला रविवारही एकच असतो.

११. हिशेब आणि नोकरीचा निर्णय

व्यवसायाचे बँक खाते पहिल्या बाटलीपासून वेगळे ठेवा. बाटलीची किंमत ठरवताना साखर, बाटली, लेबल, प्रवास, तपासणी आणि पेटीची झीज यांच्याबरोबर स्वतःच्या तासांचाही मोबदला धरा. ओळखीच्यांना फुकट वाटण्याची सवय लागली तर घरचेच म्हणू लागतात की हा नुसता छंद आहे, आणि हळूहळू आपणही तसेच मानू लागतो. मधाखेरीज मेण, विभाजनातून तयार झालेल्या वसाहती आणि परागीभवनासाठी भाड्याने दिलेल्या पेट्या ही उत्पन्नाची खरी साधने आहेत. डाळिंबाचे बागायतदार आणि कांद्याचे बियाणे घेणारे शेतकरी यांना पेट्यांची गरज असते. भाड्याचा करार लेखी करून त्यात फवारणीची अट घाला.

नोकरी सोडण्याविषयी मला फार जण विचारतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना मुंबईहून सायकली पाठवत आणि त्यांचे बंधू बेळगावात त्या विकत. त्या दुकानाची सुरुवात १८८८ ची. पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. नव्या व्यवसायाला असा काळ लागतो, आणि तो निभावून नेण्यासाठी हाती दुसरे उत्पन्न असणे यात कमीपणा नाही. पगार चालू असल्यामुळेच कच्चा मध काढून विकण्याची किंवा भेसळीकडे डोळेझाक करण्याची वेळ येत नाही. सलग दोन-तीन वर्षांचा हिशेब, त्यात एक वाईट हंगामही धरून, घरखर्च भागवणारा दिसला आणि गिऱ्हाईक न सांगता परत येऊ लागले, तरच नोकरीचा विचार करावा. तोवर पेट्यांची संख्या सुट्टीच्या दिवसांना झेपेल एवढीच ठेवावी.

आत्ता करायचे काम एवढेच: फुलोऱ्याची वही आजच्या तारखेने सुरू करा आणि जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात जाऊन पुढच्या प्रशिक्षणाची तारीख विचारून तिच्या पहिल्या पानावर लिहा.